मॉस्कोतील सहा संघ आणि छत्तीस वर्षांची प्रतीक्षा

पुरुषांची हॉकी ऑलिंपिकमध्ये दाखल झाली ती १९०८ साली, लंडन येथे. स्त्रियांना त्याच दारातून आत येण्यास बहात्तर वर्षे लागली. २५ जुलै १९८० रोजी मॉस्को येथे महिला हॉकीची पहिली ऑलिंपिक स्पर्धा सुरू झाली आणि आठवडाभरात आटोपली. त्या स्पर्धेत भारताचा संघ चौथा आला. त्याच मैदानांवर भारताच्या पुरुष संघाने स्पेनला ४–३ असे हरवून सुवर्णपदक जिंकले. देशाने त्या विजयाचा जल्लोष केला तो योग्यच होता. परंतु त्या जल्लोषात रूपा सैनी यांच्या नेतृत्वाखाली खेळलेल्या मुलींचा पराक्रम झाकला गेला, तो आजतागायत पुरता उजेडात आलेला नाही.

हा विलंब का झाला? स्त्रियांना हॉकी येत नव्हती म्हणून नव्हे. महिला हॉकीची स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संघटना १९२७ पासून अस्तित्वात होती. पण तिच्यावर इंग्लंडमधील सुखवस्तू वर्गाच्या कल्पनांचा पगडा होता. चषकासाठी चुरशीने खेळणे हे कुलीन स्त्रीला शोभत नाही, ही ती कल्पना. ज्यांना खेळासाठी रोजंदारी बुडवावी लागत नाही, त्यांनाच असली शालीनता परवडते. पुरुषांची आणि स्त्रियांची संघटना एकत्र आली ती १९८२ साली.

मॉस्कोच्या स्पर्धेला ग्रहण लागले ते अमेरिकेच्या बहिष्काराचे. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात गेल्या. त्या निर्णयाविषयी मतभेद होते आणि आजही आहेत. परंतु व्हिएतनामवर वर्षानुवर्षे बाँब टाकणाऱ्यांनी शांततेचे पुरोहित व्हावे, हे ढोंग मात्र उघड होते. अमेरिका, पश्चिम जर्मनी, नेदरलँड्स, ब्रिटन यांचे महिला हॉकी संघ आले नाहीत. उरलेली जागा ऐन वेळी निमंत्रणे पाठवून भरावी लागली. अखेर झिंबाब्वे, चेकोस्लोव्हाकिया, सोव्हिएत युनियन, भारत, ऑस्ट्रिया आणि पोलंड हे सहा संघ एकमेकांशी खेळले.

झिंबाब्वे १८ एप्रिल १९८० रोजी स्वतंत्र झाला होता. अवघ्या तीन महिन्यांच्या या देशाने सुवर्णपदक जिंकले. सोव्हिएत संघाला त्यांनी २–० असे नमविले, शेवटी ऑस्ट्रियाला ४–१ असे हरविले आणि आठ गुणांसह पहिले स्थान घेतले. ही कथा रम्य आहे. पण ती अर्धीच सांगणे आम्हास प्रशस्त वाटत नाही. त्या संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हती. स्वातंत्र्याची लढाई ज्या बहुजन आफ्रिकी जनतेने रक्त सांडून जिंकली, तिच्या मुलींच्या हाती हॉकीची काठी कधी आलीच नव्हती. क्लब गोऱ्यांचे, शाळा गोऱ्यांच्या, हिरवळही गोऱ्यांच्याच मालकीची. राजवट एका रात्रीत बदलते, मैदानाची मालकी बदलत नाही. तरीही नव्या राष्ट्राच्या ध्वजाखाली त्या मुली खेळल्या, याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. (त्याच देशाची जलतरणपटू कर्स्टी कॉव्हेंट्री २०२५ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची पहिली महिला अध्यक्ष झाली, हेही येथे नमूद करावेसे वाटते.)

भारताने ऑस्ट्रियाला २–० आणि पोलंडला ४–० असे हरविले. झिंबाब्वेशी बरोबरी केली, १–१. विजेत्या संघाला ज्या दोघांनी रोखले त्यांत भारत होता, दुसरा चेकोस्लोव्हाकिया. चेकोस्लोव्हाकियाकडून १–२ आणि सोव्हिएत युनियनकडून १–३ असा पराभव झाला. वाचकांनी गुणांची बेरीज स्वतः करून पाहावी: सोव्हिएत संघाचे सहा, भारताचे पाच. तो एक सामना नुसता बरोबरीत सुटला असता तरी कांस्यपदक भारताचे होते. दोन वर्षांनी, १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्णपदक जिंकले. त्या संघाचे नेतृत्व पुण्यात जन्मलेल्या एलिझा नेल्सन यांनी केले. मॉस्कोलाही त्या खेळल्या होत्या.

आणि १९८४ चे काय? लॉस एंजेलिसवर सोव्हिएत युनियन व त्याच्या मित्रराष्ट्रांनी बहिष्कार टाकला. मॉस्कोत रौप्य आणि कांस्य मिळविणाऱ्या स्त्रिया घरी बसल्या. चार वर्षांपूर्वी जे शस्त्र आम्ही अन्याय्य म्हटले, तेच आपल्या बाजूने उचलले गेले तेव्हा आमच्या पत्रांनी त्याचे समर्थन केले. खेळाडूच्या आयुष्यात ऑलिंपिकचे वय एकदा, फार तर दोनदा येते. ते परत देता येत नाही, हे तेव्हा लिहायला हवे होते.

भारताच्या मुली तर बहिष्काराविनाच बाहेर राहिल्या. मॉस्कोनंतर त्या पुन्हा ऑलिंपिकला पोहोचल्या त्या थेट २०१६ साली, रिओ येथे. छत्तीस वर्षे! या काळात हॉकी गवतावरून कृत्रिम पृष्ठभागावर गेली, आणि असा पृष्ठभाग अंथरायचा तर कोट्यवधी रुपये हवेत. ज्या देशांनी ते खर्च केले ते पुढे गेले. आमच्याकडे जो पैसा होता तो क्रिकेटच्या रोषणाईकडे वाहत राहिला. नशीब, प्रतिभा, जिद्द यांविषयीची प्रवचने या हिशेबापुढे टिकत नाहीत.

२०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारत पुन्हा चौथा आला. ऑस्ट्रेलियाला १–० असे हरवून उपांत्य फेरीत गेलेल्या त्या संघाची कर्णधार राणी रामपाल ही हरियाणातील गाडीवानाची मुलगी. त्याच संघात झारखंड आणि ओडिशातील आदिवासी भागांतून आलेल्या मुली. त्यांतील बहुसंख्य रेल्वेच्या नोकरीत होत्या. सार्वजनिक क्षेत्र नसते तर या मुलींनी पोट कशावर भरले असते, हा प्रश्न खासगीकरणाच्या पुरस्कर्त्यांना कोणी विचारीत नाही. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल करणाऱ्या वंदना कटारिया यांच्या हरिद्वारजवळील घरासमोर, भारत अर्जेंटिनाकडून उपांत्य सामना हरताच, फटाके फुटले आणि दलित कुटुंबाला जातिवाचक शिव्या ऐकाव्या लागल्या. पोलिसांत तक्रार झाली, अटकाही झाल्या. दोनच दिवसांनी वंदना कांस्यपदकाच्या सामन्यात उतरल्या आणि ब्रिटनविरुद्ध त्यांनी गोल केला. तो सामना भारताने ३–४ असा गमावला.

जानेवारी २०२४ मध्ये रांची येथे पात्रता स्पर्धा झाली. स्वतःच्या मैदानावर, स्वतःच्या प्रेक्षकांसमोर भारत जपानकडून ०–१ असा हरला आणि पॅरिसचे दार बंद झाले. पराभवाची चौकशी प्रशिक्षकाच्या खोलीपुरती ठेवून भागणार नाही. प्रत्येक जिल्ह्यात मुलींसाठी एक तरी चांगले मैदान, सरकारी शाळांत क्रीडाशिक्षक, रेल्वेतील खेळाडूंच्या जागांत कपात नको आणि खेळणाऱ्या मुलीला खेळ संपल्यावरही नोकरीची हमी, या मागण्या महिला, विद्यार्थी व युवक आघाड्यांनी आपल्या कार्यक्रमात घ्याव्यात. राज्य समित्यांनी आपापल्या जिल्ह्यांतील मैदानांची पाहणी करून अहवाल पाठवावेत.