आवाजी मतदानात नाव कुणाचं?

20 डिसेंबर 2018 रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने आदेश काढून दहा सरकारी यंत्रणांना कुठल्याही संगणकातला मजकूर मिळवण्याचे आणि वाचण्याचे अधिकार दिले. काँग्रेसने पाळतीचं राज्य आलं म्हणून रान उठवलं. भाजपने उत्तर दिलं, नियम 2009 चे आहेत, म्हणजे तुमच्याच राज्यातले. आमच्या मालवणात जेटीवर, बाजारपेठेत वाद होतो तोही याच वळणाने, ‘ह्यां तुमीच सुरू केलास.’ त्या दिवशी दोन्ही बाजूंकडे एकमेकांविरुद्ध पुरावा होता. माझी तक्रार तिथूनच सुरू होते.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या 69 व्या कलमाखाली तो आदेश निघाला, त्याला आजचं रूप देणारी दुरुस्ती लोकसभेने 22 डिसेंबर 2008 रोजी गोंधळात, चर्चेविना मंजूर केली. 26/11 च्या हल्ल्याला महिनाही झाला नव्हता. हल्लेखोर समुद्रातून आले होते. त्या दिवसांतली भीती किनाऱ्यावरच्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको. पाळत कधीच नको, असं मी म्हणणार नाही. जानेवारी 2025 पासून बेकायदा मासेमारीवर ड्रोनने नजर ठेवू लागले, त्याला माझा पाठिंबाच आहे. पण ड्रोन डोळ्यांना दिसतो, कुठल्या खात्याचा तेही ठाऊक असतं. आपला फोन ऐकला गेला, हे मात्र आपल्याला कुणी कळवत नाही.

संघटित गुन्हेगारीविरोधी मोक्का कायद्याची हकिगत तर आपल्या अगदी घरची आहे. मालवणचे आमदार नारायण राणे 1 फेब्रुवारी 1999 रोजी मुख्यमंत्री झाले. कोकणच्या या टोकाला केवढा आनंद झाला होता! त्याच महिन्यात, 24 तारखेला, शिवसेना-भाजप युती सरकारने मोक्काचा अध्यादेश काढला. मुंबईत टोळ्यांनी उच्छाद मांडला होता, कायद्याची गरज खरी होती. त्यातल्या 13 ते 16 या कलमांनी फोन ऐकायची सोय केली. परवानगी देणार कोण? न्यायाधीश नव्हे, गृह खात्याचा सचिव दर्जाचा अधिकारी. 2003 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही कलमं रद्द ठरवली. तोवर युती जाऊन काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडी आली होती. युतीचा कायदा होता, न्यायालयाने कलमं उडवली होती, आघाडीला गप्प बसता आलं असतं. पण सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1 सप्टेंबर 2008 रोजी तीच कलमं पुन्हा जिवंत करून आलं. पुढच्याच वर्षी गुजरातचं मोक्काच्याच धर्तीवरचं विधेयक दिल्लीतल्या काँग्रेसप्रणीत सरकारने अडवलं. म्हणजे मुंबईत चालणारा कायदा अहमदाबादला धोकादायक ठरला. पुढे फोन टॅपिंगच्या आरोपांवरून महाविकास आघाडीच्या काळात पुण्यात आणि कुलाब्यात गुन्हे दाखल झाले, 2023 मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केले. मोक्काच्या त्या कलमांना मात्र कुणीच हात लावला नाही.

आपल्या पूर्वीच्या राजापूर मतदारसंघाने 1971 ते 1991 अशी वीस वर्षं मधू दंडवत्यांना लोकसभेत पाठवलं. आणीबाणीत ते बंगळूरच्या तुरुंगात होते आणि पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. नवरा-बायकोची पत्रं तुरुंगाच्या हातांतून जात. दंडवते विरोधी बाकांवर असताना, 1986 मध्ये, नागरिकांची टपालातली पत्रं अडवण्याचा अधिकार देणारं विधेयक राजीव गांधी सरकारने प्रचंड बहुमताच्या जोरावर दोन्ही सभागृहांत मंजूर करून घेतलं. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही. तो कायदा कधीच झाला नाही, आणि त्यावाचून देशाचं काही अडलं नाही.

अलीकडची गोष्ट जनसुरक्षा विधेयकाची. ते पाळतीचं नव्हे, पण रीत तीच. संयुक्त समितीत विरोधी पक्षांचे ज्येष्ठ नेते होते, तरी भिन्नमतपत्रिका जोडली गेली नाही. 10 जुलै 2025 रोजी विधानसभेत ते आवाजी मतदानाने मंजूर झालं. सभागृहात ठाम विरोध केला तो माकपच्या विनोद निकोले यांनी. रस्त्यावरची आंदोलनं नंतरही झाली. डिसेंबर 2023 मध्ये दूरसंचार कायदाही आवाजी मतदानानेच झाला, आणि फोन ऐकण्याचा 1885 च्या कायद्यातला अधिकार त्यात तसाच उतरला. त्या अधिवेशनात विरोधी पक्षांचे 146 खासदार निलंबित होते. तिथला मोठा दोष सरकारचा, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे.

आवाजी मतदानात ‘होय’ कोण म्हणालं, याची नोंद राहत नाही. म्हणून वीस वर्षांनीही प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येतं. अध्यक्षांचा निर्णय मान्य नाही असं सांगून एका सदस्यालाही मतविभागणी मागता येते. तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या वाडीत खासदार येवोत की आमदार, पक्ष कुठलाही असो, रस्त्याच्या डांबराबरोबर हेही विचारा: फोन ऐकण्याचं विधेयक आलं तर मतविभागणी मागाल का, आणि तुमचं मत कुठे पडेल? उत्तर चारचौघांत घ्या.