आपला सण नाही म्हणे!

फेब्रुवारी उजाडला की कोलोन परिसरातल्या आपल्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "त्या धांगडधिंग्यात मुलांना कशाला न्यायचं? तो काही आपला सण नाही!" मग कार्निव्हलच्या सोमवारी, म्हणजे रोझेनमोंटागला, शाळांना सुट्टी असल्याने कुणी पॅरिस गाठतं, तर कुणी खिडक्या लावून हिंदी सिनेमे बघतं. सतरा वर्षं इथे राहून मी हे ऐकते आहे. म्हणून आता स्पष्टच लिहिते. हे सोवळं चुकीचं आहे आणि त्यात नुकसान आपल्याच मुलांचं आहे.

पहिला आक्षेप दारूचा. तो खोटा नाही. गुरुवारी, बायका पुरुषांचे टाय कापतात त्या दिवशी, झ्युल्पिशर श्ट्रासच्या बाजूला तरुण पोरांचं जे काही चालतं, ते मुलांना दाखवण्यासारखं नाही. तिथे नेऊ नका. पण रविवारी शाळांची आणि पेठांची मिरवणूक असते, तिचं काय? तिच्यात मुलं, शिक्षक आणि आईबाप स्वतः चालतात. माझी मुलगी तिसरीत असताना तिचा वर्ग 'पाऊस' झाला होता. आम्ही पालक दोन महिने शाळेत बसून निळ्या कापडाचे थेंब शिवत होतो. चार वर्षं जिन्यात नुसतं 'हालो' म्हणणाऱ्या शेजारच्या आजींनी त्या दिवशी गर्दीतून तिला नावाने हाक मारली. तिने मूठभर 'कामेले', म्हणजे गोळ्या-चॉकलेटं, त्यांच्याकडे उधळली. त्यानंतर त्या आमच्याकडे चहाला येऊ लागल्या. ही ओळख पॅरिसला जाऊन झाली नसती.

दुसरा आक्षेप धर्माचा. कार्निव्हल ईस्टरपूर्वीच्या उपासाच्या आधी येतो, हे खरं. पण रस्त्यावर तुम्हाला कुणी प्रार्थनेला बसवत नाही. तिथे टिंगल चालते, आणि तीही सत्तेची. १८२३ साली, कोलोनवर प्रशियाचं राज्य असताना, इथल्या नागरिकांनी या उत्सवाला आजचं रूप दिलं. त्याच वर्षीची 'रोटे फुंकेन' ही मंडळी अजून जुन्या शिपायांचा लाल वेष घालून, पाठीला पाठ घासत नाचत, लष्करी कवायतीची टर उडवतात. आज रथांवर बड्या बड्या पुढाऱ्यांचे पुतळे असतात. आणि २०२२ साली रशियाने युक्रेनवर हल्ला केला, त्यानंतर चारच दिवसांनी रोझेनमोंटाग होता, तेव्हा याच लोकांनी मिरवणुकीऐवजी शांतता मोर्चा काढला. मंगळवारी रात्री 'नुबेल' नावाचा गवताचा बाहुला जाळतात, सगळ्या दिवसांची पापं त्याच्या माथी मारून. ज्यांच्या कोकणात शिमग्याला संकासूर नाचतो, होळीभोवती बोंब ठोकली जाते, त्यांनी हे परकं म्हणावं?

आता सर्वांत महत्त्वाचं, भाषेचं. कोलोनची बोली क्योल्श. घरोघरी ती आता पूर्वीसारखी बोलली जात नाही. आईबाप मुलांशी प्रमाण जर्मनच बोलतात. पण कार्निव्हलची गाणी क्योल्शमध्येच! 'ब्लेक फ्योस' हे मंडळ १९७० पासून याच बोलीत गातं आहे. बोली शिकवण्यासाठी १९८३ साली शहरात एक अकादमीही निघाली. तुर्की आणि इटालियन घरांतली मुलंसुद्धा ती गाणी पाठ म्हणतात, कारण ती म्हणताना मजा येते. व्याकरणाच्या धाकाने कुणी शिकलेलं नाही.

आणि आपण? आपल्या गणेशोत्सवात मुलांचा कार्यक्रम म्हणजे हिंदी सिनेमाच्या गाण्यावर नाच, आणि मराठी म्हणजे रोमन लिपीत लिहून घोकलेली चार वाक्यं. ती म्हणून झाली की मुलं मागच्या खोलीत जर्मन बोलत फोनवर खेळत बसतात. आपण बाहेर टाळ्या वाजवतो आणि 'संस्कृती जपली' म्हणून घरी जातो. एकनाथांची भारुडं, सोंगं, नमन-खेळे ही आपल्या घरची दौलत आहे. त्यात वेष आहे, थट्टा आहे, मोठ्यांना टोमणे आहेत. मुलांना हेच तर हवं असतं! एका वर्षी मी भारूड सुचवलं, तेव्हा 'मुलांना समजणार नाही' असं उत्तर मिळालं. क्योल्श तरी तुर्की मुलांना कुठे समजत होती?

म्हणून माझं मागणं दुहेरी आहे. ११ नोव्हेंबरला, ११ वाजून ११ मिनिटांनी कार्निव्हलचा हंगाम सुरू होईल. त्याआधी आपापल्या शाळेत विचारा, रविवारच्या मिरवणुकीत वर्ग चालणार आहे का, आणि शिवणकामाला नाव द्या. आणि येत्या गणपतीत एक हिंदी नाच कमी करून मुलांना मराठीत सोंग आणू द्या. त्यांनी मंडळाच्या अध्यक्षांची नक्कल केली, तरी चालेल. अध्यक्षांनी पहिल्या रांगेत बसून हसायचं, एवढीच अट.