रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे

सरकारी कार्यालयात नव्याने रुजू होणाऱ्याला एक शब्द लवकर शिकावा लागतो : निरंक. मागवलेल्या विषयात एकही प्रकरण घडलेले नसले, तरी विवरणपत्र कोरे पाठवायचे नाही. "निरंक" असे लिहून सहीनिशी पाठवायचे. निरंक म्हणजे मोजले, पण काही आढळले नाही. कोरे म्हणजे मोजले की नाही तेच ठाऊक नाही.

संगणक आल्यावर हा भेद आपण विसरलो की काय, अशी शंका मला एका बैठकीच्या तयारीत आली. दहा आरोग्य केंद्रांच्या बालमृत्यूंचे विवरणपत्र होते. दोन केंद्रांचे अहवाल आलेच नव्हते. ॲक्सेसच्या फॉर्मवर एकूण बेरजेची जागा रिकामी दिसत होती; कारण अधिक चिन्हाने रकाने जोडतांना त्यांतला एक जरी रिकामा असला, तरी उत्तरही रिकामेच येते. वरिष्ठांना रिकामी बेरीज दाखवायची कशी? म्हणून कर्मचाऱ्याने 'एनझेड' हे फंक्शन लावले. ते रिकाम्या जागी शून्य धरते. बेरीज आली ४०, सरासरी ४. प्रत्यक्षात अहवाल आठच केंद्रांचे, म्हणजे सरासरी ५. शिवाय न कळवणारी दोन केंद्रे सर्वांत दुर्गम. कागदावर मात्र तीच सर्वांत निरोगी ठरली! तिथे डॉक्टर पाठवण्याची निकड कोणाला वाटणार?

दोष मी त्या कर्मचाऱ्याला देत नाही. "मला ठाऊक नाही" हे संगणक प्रामाणिकपणे सांगत होता. ते ऐकण्याची तयारी आमची नव्हती. ई. एफ. कॉड यांनी १९८५ साली संबंधात्मक डेटाबेसचे जे नियम मांडले, त्यांतला तिसरा हाच आहे : अज्ञात माहिती शून्याहून वेगळी राखता आली पाहिजे.

आपल्या जनगणनेने ही शिस्त पाळलेली आहे. १९८१ साली आसाममध्ये आणि १९९१ साली जम्मू-काश्मीरमध्ये जनगणना होऊ शकली नाही. तिथली लोकसंख्या कोणी शून्य धरली नाही. अंदाज बांधला आणि तो अंदाज आहे हे तळटीपेत नोंदवले. वयाच्या तक्त्यांतही "वय सांगितले नाही" अशी स्वतंत्र ओळ असते.

मग आपल्या कार्यालयांत एवढे तरी व्हावे. रकान्यात आधीच शून्य भरून ठेवू नये. ज्याला शून्य म्हणायचे आहे त्याने ते स्वतः टंकावे. सरासरी काढतांना आलेल्या अहवालांच्याच संख्येने भागावे. आणि प्रत्येक बेरजेशेजारी "१० पैकी ८ केंद्रांची माहिती" असे ठळक छापावे. तसे झाले, तर बैठकीतला पहिला प्रश्न "बेरीज किती?" हा नसून "उरलेली दोन केंद्रे कोणती?" हा असेल. खरे प्रशासन त्या प्रश्नापासून सुरू होते.