तीन सेकंदांचे बोधचिन्ह



आमच्या वस्तीतील दोघा भावंडांनी एक लहानशी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली आहे. गृहनिर्माण सोसायट्यांच्या पिण्याच्या पाण्याच्या टाक्या यंत्राने धुऊन देणे हा तिचा धंदा. थोरली बहीण हिशेब आणि गिऱ्हाईक सांभाळते, धाकटा भाऊ चार मुलांना घेऊन कामावर जातो. वडील सफाई कामगार म्हणून निवृत्त झालेले. टाकी आधी कशी होती, गाळ कसा ओढला, शेवटी पाणी कसे भरले, असे एकदोन मिनिटांचे व्हिडिओ ही भावंडे मोबाईलवर घेतात आणि सोसायट्यांच्या सेक्रेटरींना पाठवतात. त्या व्हिडिओंच्या सुरुवातीला कंपनीचे हलते बोधचिन्ह असावे असे त्यांच्या मनात आले. मंडळाचे अहवाल नि पत्रके मी टाईप करतो, म्हणून दोघे माझ्याकडे आले. चित्रकलेत मला शाळेत कधी पस्तीसच्या वर मार्क पडले नाहीत. तरीही विहाराच्या मागच्या खोलीत तीन रविवार आम्ही जे केले ते इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून या सदरात सांगतो. आपली मुले आता केटरिंग, मंडप, शिकवण्या असे नाना उद्योग काढत आहेत आणि प्रत्येकाला व्हिडिओ हवा आहे.

हलते बोधचिन्ह म्हणजे काय हे माझ्या पिढीला वेगळे सांगायला नको. दोन वक्र आकार फिरत फिरत येऊन मधल्या गोलाभोवती डोळ्यासारखे बसायचे आणि पंडित रविशंकरांची ती धून वाजायची, की घरोघर माणसे टीव्हीसमोर गोळा होत. दूरदर्शनचे ते चिन्ह अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत देवाशिष भट्टाचार्य या विद्यार्थ्याने काढले होते. १९७० च्या दशकातले ते काम; संगणक कुठला? कागदावरचे आकार थोडे थोडे फिरवून कॅमेऱ्याखाली एकेक करून टिपले. आज तेच काम घरच्या संगणकावर होते आणि पैसाही लागत नाही. आकार काढायला ‘इंकस्केप’ आणि हलवायला ‘ब्लेंडर’, ही दोन्ही साधने फुकट मिळतात. तेही अवघड वाटले तर ऑफिसातल्या पॉवरपॉइंटवर आकार हलवून त्याचा व्हिडिओ करून घेता येतो.

अडले ते भलतीकडेच. बहिणीने पहिल्याच रविवारी वहीत काढून आणले होते: निळे चक्र फिरत येते, थांबते आणि खाली कंपनीचे नाव उमटते. भावाने वही बाजूला सारली. “चक्र नको. निळा रंगही नको. हिरवा घे.”

कारण मला ठाऊक होते. दोन महिन्यांपूर्वी एका सोसायटीने यांचा दर मान्य केला होता, तारीखही ठरली होती. मग कमिटीतल्या एकाने फोन करून भावाला आडनाव विचारले. संध्याकाळी निरोप आला की काम दुसऱ्याला दिले आहे. पिण्याच्या पाण्याची टाकी! २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले त्याला किती वर्षे झाली हे मी मोजत बसलो नाही.

“काका, चार मुलांचा पगार मला द्यावा लागतो,” भाऊ म्हणाला. बहीण म्हणाली, “मग आडनावही बदलून घे.” दोघेही माझ्याकडे पाहू लागले. मोठ्या माणसाने निवाडा द्यावा, ही अपेक्षा. खरे सांगायचे तर माझे मन आधी भावाकडे झुकले. नोकरीला लागल्यावर टेबलावरच्या काचेखाली बाबासाहेबांचे चित्र ठेवायला मी दोन वर्षे लावली होती, आणि ते ठेवले तेही फायलींच्या ढिगाआड. हे मी त्यांना सांगितले. निवाडा मात्र दिला नाही. म्हटले, आधी दोन्ही करून पाहू.

चक्र बहिणीनेच केले, झेंड्यावरचे असते तसे चोवीस आऱ्यांचे. सेकंदाला एक फेरी, अशी गती दिली. व्हिडिओ तयार झाला, लावला, आणि ती ओरडलीच, “काका, चाक उलटं फिरतंय!” खरेच. आज्ञा उजवीकडे फिरण्याची आणि पडद्यावर चक्र सावकाश डावीकडे सरकत होते. भाऊ हसायला लागला. संगणक बिघडला म्हणावे तर तसे नव्हते. मी कॅल्क्युलेटर काढला. आम्हा कॉमर्सवाल्यांचे शस्त्र तेच.

व्हिडिओ म्हणजे भराभर दाखवलेली स्थिर चित्रे. एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. हे व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचे होते. (आपली वीज ५० हर्ट्झची, ३० फ्रेमवर घेतले की जिन्यातल्या ट्यूबलाइट लुकलुकतात, हे भावाने अनुभवाने शोधलेले.) एका फेरीचे ३६० अंश, त्याला २५ ने भागले, म्हणजे दर फ्रेमला चक्र १४.४ अंश फिरते. आरे चोवीस, म्हणून दोन आऱ्यांतले अंतर १५ अंश. म्हणजे प्रत्येक आरा पुढच्या आऱ्याच्या जागी पोहोचता पोहोचता ०.६ अंश मागे राहतो. सगळे आरे सारखेच दिसतात, त्यामुळे डोळ्याला वाटते की पुढचाच आरा ०.६ अंश मागे सरकला. जुन्या चित्रपटांत धावत्या टांग्याची चाके उलटी फिरताना आपण पाहिली आहेत, त्याचे कारण हेच.

नियम असा निघाला की दर फ्रेमची हालचाल दोन आऱ्यांतल्या अंतराच्या निम्म्याहून कमी हवी, इथे साडेसात अंशांच्या आत. म्हणजे चोवीस आऱ्यांचे चक्र एक फेरी घ्यायला दोन सेकंद तरी लावू द्यावे. आम्ही सहा लावले आणि ते नीट उजवीकडे, प्रदक्षिणेच्या दिशेने फिरू लागले. आठ आऱ्यांच्या चक्रात अंतर ४५ अंशांचे, त्याला ही अडचण सेकंदाच्या फेरीलाही येत नाही.

पण तोवर मला दुसरी शंका आली होती आणि पुढच्या रविवारी मी कायदा वाचून गेलो. बोधचिन्हे व नावे यांचा अनुचित वापर रोखणारा १९५० चा केंद्राचा कायदा आहे. राष्ट्रध्वजावरील अशोकचक्राचे चित्र केंद्र सरकारच्या परवानगीवाचून धंद्यासाठी वापरण्यास त्यात मनाई आहे. त्याच्या अनुसूचीत ‘अशोकचक्र’ आणि ‘धर्मचक्र’ हे शब्दही आहेत. आपल्या वस्त्यांतून कितीतरी दुकानांच्या पाट्यांवर, टेम्पोंच्या काचांवर चोवीस आऱ्यांचे चक्र दिसते. प्रेमाने लावलेले असते, तरी कंपनीच्या कागदावर, बिलावर, व्हिडिओवर ते चालणार नाही हे लक्षात घ्यावे. शिवाय पुढे हे बोधचिन्ह ट्रेडमार्क म्हणून नोंदवायचे होते. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्ज केल्यास २०१७ च्या नियमांप्रमाणे एका वर्गाला ४,५०० रुपये पडतात. साफसफाईची सेवा वर्ग ३७ मध्ये येते. ते पैसे पाण्यात कशाला घालायचे?

भावाला हायसे वाटले असावे. बहीण गप्प होती. मग म्हणाली, “कायदा आहे म्हणून चक्र काढते. भीतीपोटी नाही. पण निळा रंग राहणार.” भाऊ काही बोलला नाही. हिरव्याचा विषय त्यानंतर निघाला नाही.

आता उरले नाव. त्यात ‘स्वच्छ’ हा शब्द आहे, आणि या जोडाक्षरांनी अर्धा रविवार खाल्ला. अक्षरे एकामागून एक यावीत अशी आज्ञा दिली की आधी लंगडा स, मग व, मग पाय मोडका च, आणि शेवटी छ. वेलांटी असलेल्या शब्दांची तर आणखी दैना. ही साधने बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे सुट्या अक्षरांच्या लिप्या असतात. उपाय सोपा आहे. नाव आधी पूर्ण लिहावे, मग त्या मजकुराचे आकारात रूपांतर करावे आणि ‘स्व’ चा एक, ‘च्छ’ चा एक असे गट बांधून तेच हलवावेत. टाईपही मोकळ्या परवान्याचा घ्यावा. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ धंद्यासाठीही विनामूल्य वापरता येतात.

देवनागरीची अडचण सुटली तशी तिची सोयही दिसली. शिरोरेषा! आपण पाटीवर अक्षरे काढून वर रेघ ओढतो; आम्ही उलट केले. आधी निळी रेघ डावीकडून उजवीकडे ओढली जाते, पाण्याच्या पातळीसारखी, आणि मग तिच्याखाली नाव उतरते.

चक्राची जागा मात्र मोकळीच होती. पिंपळाचे पान भावाने सुचवले, हे मी मुद्दाम नोंदवतो. त्याचे म्हणणे धंद्याचे होते. पिंपळाच्या पानाला लांब निमुळते टोक असते, पावसाचे पाणी त्यावरून निथळून जाते. त्या टोकावरून एक थेंब पडावा आणि खालच्या रेघेवर तरंग उठावा. पाणी आले, स्वच्छता आली, बोलायला कुणाला जागा नाही. बहिणीने त्याच्याकडे रोखून पाहिले. “ओळखणारे ओळखतील हं,” ती म्हणाली. “ओळखू देत,” भाऊ म्हणाला आणि पानाच्या शिरा मोजू लागला.

‘मूकनायक’च्या शिरोभागी बाबासाहेबांनी तुकोबांचा अभंग छापला होता, ‘बहिष्कृत भारता’वर ज्ञानेश्वरीतल्या ओव्या. आपण कोण आणि कुणाशी बोलतो आहोत हे मजकुराच्या आधीच वाचकाला कळावे, असा त्यामागे विचार असावा असे मला वाटते. माझ्या काचेखालच्या चित्राची मला त्या संध्याकाळी फार आठवण झाली. सोमवारी ऑफिसात गेल्यावर फायली बाजूला केल्या.

एकूण वेळ तीन सेकंद, म्हणजे ७५ फ्रेम. रेघेला १२, नावाला १८, पान नि थेंबाला १५ आणि उरलेल्या ३० फ्रेम सगळे स्तब्ध. ही स्तब्धता कापू नये, वाचणाऱ्याला तेवढा वेळ लागतोच. दुसरे, कोणतीही हालचाल एकदम सुरू करून एकदम थांबवू नये. हळू निघावे आणि हळू थांबावे, नाहीतर पान पत्र्याचे वाटते. चित्र मोबाईलवर अंगठ्याएवढे करून आणि एकदा काळ्या-पांढऱ्यातही पाहावे, कारण बिलाची झेरॉक्स रंगीत निघत नाही. सोनेरी चकाकी, फिरते तारे, फुटणारे फटाके असे संगणक फुकट देऊ करतो. मी तरी त्यांना हात लावू दिला नाही.

आवाजासाठी भाऊ एका गाजलेल्या गाण्याचा तुकडा घेऊन आला होता. तो मालकाच्या परवानगीशिवाय वापरता येत नाही, भीमगीताचाही नाही. आपल्याच शाहीर-गायकांच्या पोटावर आपण पाय का द्यावा? अखेर त्याने धुतलेल्या रिकाम्या टाकीच्या तोंडाशी मोबाईल धरला आणि वरून एक थेंब सोडला. आत कुणी उतरले नाही, तो त्यांच्या कंपनीचा नियमच आहे. तो टपकन झालेला आवाज आणि त्याचा घुमारा मिळून दीड सेकंद भरला. त्यावर काही करावे लागले नाही.

तिसऱ्या रविवारी संध्याकाळी वंदनेनंतर त्यांच्या आईला मोबाईलवर दाखवले. तिने दोनदा लावायला सांगितले. म्हणाली, “पान हललं पाहिजे रे जरा. वारा नसला तरी पिंपळ हलतो.” भावाने पुन्हा संगणक उघडला.