राजा घडा धरीना

गेल्या वैशाखात ताईकडे जोयड्यास जाणे झाले. उत्तर कन्नडातला हा तालुका म्हणजे काळी नदी आणि रान. ताईच्या परसात भाच्याने घटपर्णी लावल्या आहेत. पानाच्या टोकाला झाकणाचा घडा, कड निसरडी, आत पाचक रस. पडलेली मुंगी वर येत नाही. निकस मातीत नत्र मिळत नाही, ते हे झाड किड्यांकडून वसूल करते. म्हणूनच कुंडीत शेणखत घालू नये. ताईला हे पटत नाही. उपाशी कसे ठेवायचे, म्हणते!

त्यांतली एक मेघालयातली, नेपेंथिस खासियाना. भारतातल्या रानात या कुळातली हीच एक जात. गारो लोक तिला मेमांग-कोक्सी, म्हणजे भुताची टोपली, म्हणतात. फांदी लावून केलेले हे रोप जोयड्याला रुळले आहे. साठवलेले पागोळ्यांचे पाणी, काथ्या, थोडी सावली. एवढ्यावर घडे लोंबत होते.

दुसरी नेपेंथिस राजा. ही बोर्निओतल्या किनाबालू पर्वतावर १५०० मीटरच्या वर होते. सारावाकचा राजा जेम्स ब्रुक याच्या नावावरून हूकर यांनी १८५९ साली तिचे बारसे केले. तिथे तिचा घडा दोन लिटरांहून अधिक पाणी धरतो. भाच्याकडे पाने टवटवीत, घडा मात्र एकही नाही. डोंगरावरच्या या जातींना रात्री गारठा हवा, आणि जोयड्याच्या वैशाखात तो आणावा कोठून? आता त्याला शीतपेटी हवी आहे. पैसे द्यावेत का, असे ताईने मला विचारले.

देऊ नयेत, असे माझे मत. बियांपासून वाढवलेली रोपे घरोघर गेली, तर डोंगरावरून उपटणे कमी होते, हे मी मानतो; दोन्ही जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वांत कडक यादीत आहेत. पण पावसात वीज गेली की त्या पेटीचे काय? आणि गेली नाही, तरी काचेआड बर्फाच्या आधाराने एखादा जीव नुसता टिकवण्यात कसली हौस?

माझे वडील बडोद्याच्या दरबारात गात. १९४९ साली संस्थान विलीन झाले, तेव्हा ते तरुण होते. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. पुढे त्यांनी एका पेढीवर हिशेब लिहिले, आम्हांला पोटभर जेवू घातले. प्रकृती ठणठणीत. लोक कौतुक करीत. पण तंबोरा खुंटीवरून उतरला, तो मी शिकू लागलो तेव्हा. ते स्वतः गायला बसले नाहीत. ती टवटवीत पाने पाहिली आणि मला वडीलच आठवले. भाच्याला हे सांगितले नाही.

“मामा, मग याचे करू काय?” तो म्हणाला. उटीकडे रात्री गारठा असतो. तिथे कोणी जाणता सांभाळणार असेल तर देऊन टाक, म्हटले. तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी उटीच्या रोपवाटिकांचे पत्ते शोधताना दिसला.

निघताना ताईने खासियानाची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत घातली. बडोद्याचा उन्हाळा आठवला, आणि ती मी हळूच काढून ओट्यावर ठेवली.