सीटबेल्ट लावला, पण नीट लावला का?



जानेवारी आला की शाळेत रस्ता सुरक्षा अभियानाचं पत्र येतं. मग शपथ, प्रभातफेरी, चित्रकला स्पर्धा. मुलं लाल-पिवळा-हिरवा सिग्नल काढतात, झेब्रा क्रॉसिंग काढतात. हे सगळं रस्त्याने चालणाऱ्या मुलासाठी आहे आणि ते हवंच. पण ठाणे, कल्याण, डोंबिवलीतली आपली बरीच मुलं आता गाडीतही बसतात. रविवारी टिटवाळ्याला, मे महिन्यात गावाला, मामाच्या लग्नाला नाशिकला. त्या गाडीत बसायचं कसं, हे त्यांना कोण शिकवतं? आपल्या चित्रांमधल्या गाड्या बघा एकदा. खिडक्या असतात, चाकं असतात, आत माणूसच नसतो!

माझं म्हणणं एवढंच आहे की "बेल्ट लावला का?" हा प्रश्न अपुरा आहे. बेल्ट अंगावरून कुठून कुठे गेलाय, सीट कशी लावली आहे आणि मागे बसलेल्यांचं काय, हे विचारायला हवं. आणि हे शपथेने येत नाही. बुटाची लेस बांधायला आपण जसं मुलाचा हात धरून शिकवतो, तसंच हे शिकवावं लागतं.

४ सप्टेंबर २०२२ चा रविवार तुम्हाला आठवत असेल. टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री उदवाड्याहून मुंबईकडे येत होते. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर गाडी कठड्याला धडकली. (२०१४ पर्यंत हा भाग आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता.) गाडीत चौघं होते. पुढचे दोघं गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि जहांगीर पंडोल गेले. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. गाडी महागडी होती, एअरबॅगा होत्या. पण बेल्ट बांधलेला माणूस आपल्या जागेवर आहे, हे धरूनच एअरबॅगची रचना केलेली असते. बेल्टचं काम एअरबॅग करत नाही.

त्याआधी ३ जून २०१४ ला गोपीनाथ मुंडे दिल्लीत गेले. तो हायवे नव्हता, शहरातला रस्ता होता. तेही मागच्या सीटवर होते. मागचा बेल्ट शोभेचाच असतो या गैरसमजाने आपला मित्र गेला, अशा अर्थाचं तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन बोलले होते. चारोटीच्या अपघातानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतल्या सगळ्यांना बेल्ट सक्तीचा केला. खरं तर मागच्या सीटचा नियम त्याआधीपासूनच होता. आज शीळफाट्याच्या सिग्नलला उभं राहून शेजारच्या गाडीत डोकावून बघा, मागे कोणी बेल्ट लावलेला दिसतो का.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: "अहो मॅडम, आपल्या ट्रॅफिकमध्ये गाडी चाळीसच्या वर जाते कुठे?" चला, चाळीसचंच गणित करू. ताशी ४० किलोमीटर वेगातली गाडी आदळून थांबते, तेव्हा बेल्ट न लावलेला माणूस ज्या वेगाने पुढच्या सीटवर किंवा डॅशबोर्डवर आपटतो, तो वेग साधारण सहा मीटर उंचीवरून पडल्यावर येतो तेवढा असतो. म्हणजे दुसरा मजला. ६० ला चौदा मीटर होतात. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीला ग्रिल नसेल, तर आपण मुलाला तिथे बसू देतो का? आणि गाडी आता चाळीसच्या वर जातेसुद्धा. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण खुला झालाय. शिर्डीला जाताना आपण त्यावर १२० ने जातो. १२० चं गणित सत्तावन्न मीटरचं आहे. घोडबंदर रोडच्या टॉवरचा एकोणिसावा मजला म्हणा.

मांडीवरच्या बाळाचंही गणित करून बघा. ताशी ४० वरून गाडी अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर दहा किलोच्या बाळाला धरून ठेवायला सव्वाशे किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. जगातली कोणतीही आई तेवढा जोर लावू शकत नाही. यात प्रेमाचा प्रश्नच येत नाही. पुढच्या सीटवर मांडीवर घेतलं असेल तर आणखी वाईट, कारण तेव्हा बाळ आई आणि एअरबॅग यांच्यामध्ये असतं.

आता बेल्ट नीट लावणं म्हणजे काय ते बघू. मी वर्गात मुलांना एकच शब्द देते: हाड. बेल्ट हाडावर बसला पाहिजे, मऊ भागावर नाही. वरचा पट्टा खांद्याच्या मधून निघून छातीच्या मधल्या हाडावरून तिरका खाली येतो. खालचा पट्टा कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर, मांड्यांना टेकून जातो, पोटावरून नाही. कारण त्या एका क्षणी शरीराचा सगळा भार त्या पट्ट्यावर येतो. हाडं तो सोसू शकतात. पोटात मात्र यकृत आहे, प्लीहा आहे, आतडी आहेत. गरोदर बाईने खालचा पट्टा पोटाच्या खालून घ्यायचा आणि वरचा छातीच्या मधून, पोटाच्या कडेने. "त्रास होतो" म्हणून बेल्ट सोडायचा नाही. बेल्टला पीळ नको, ढिलाई नको. बकल अडकवलं की वरचा पट्टा एकदा वर ओढायचा, म्हणजे खालची ढिलाई निघून जाते. हे दोन सेकंदांचं काम कोणी करत नाही.

वर्गात हे दाखवायला गाडी लागत नाही. खेळण्यातल्या मोटारीवर मातीची बाहुली बसवा आणि उतारावरून मोटार जाड पुस्तकावर सोडा. बाहुली उडते, मुलं हसतात. मग बारीक दोऱ्याने बांधून सोडा. दोरा मातीत रुततो, कधी बाहुली कापलीच जाते. मग रुंद नाडीने बांधा. आता मुलं हसत नाहीत, नीट बघायला लागतात. पट्टा रुंद का, सपाट का, पीळ का नको, हे मग सांगावं लागत नाही. आज सगळीकडे दिसणारा हा तीन ठिकाणी अडकणारा बेल्ट व्होल्वो कंपनीतल्या निल्स बोलिन या इंजिनिअरने १९५९ मध्ये तयार केला आणि कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. आधी तो विमानातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या सीटवर काम करायचा. मुलांना ही गोष्ट फार आवडते.

आता खरी अडचण. गाडीतला बेल्ट मोठ्या माणसाच्या मापाचा असतो. साधारण १४५ सेंटिमीटर उंचीपर्यंत तो मुलाच्या खांद्यावर न बसता मानेवर येतो आणि खाली पोटावर चढतो. संचयी नोंदीसाठी आपण मुलांची उंची-वजनं घेतोच ना? तो तक्ता काढून बघा. चौथीच्या वर्गातसुद्धा १४५ गाठलेलं मूल क्वचितच सापडेल. म्हणजे प्राथमिक शाळेतल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला नुसता बेल्ट नीट बसत नाही. मानेला काचतो म्हणून मूल तो काखेतून घेतं किंवा पाठीमागे टाकतं. आईबाबांना पुढून पट्टा दिसतो आणि वाटतं, लावलाय. पण वरचं अंग मोकळंच असतं.

उपाय आहे, त्याला बूस्टर म्हणतात. मुलाला उंच बसवणारी बैठक, ज्यामुळे बेल्ट बरोबर हाडांवर येतो. लहान बाळांसाठी वेगळी सीट येते. ती मागे तोंड करून बसवायची आणि एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर कधीच ठेवायची नाही. घरची उशी किंवा लोड चालत नाही, धक्क्यात ते दबतात आणि सरकतात. "एवढा खर्च?" असं पालक म्हणतात, आणि हप्ते भरणाऱ्या घराची ओढाताण मला कळते. पण नवीन गाडी घेतली की सीट कव्हर, मॅट, स्पीकर यांवर खर्च होतोच. साधा बूस्टर त्या यादीत पहिला असायला हवा, एवढाच माझा आग्रह आहे.

सीट कव्हरवरून आठवलं. मागच्या सीटची बकलं शोधायला बहुतेक गाड्यांत हात खोल घालावा लागतो, कारण कव्हर शिवताना ती खाली दाबली गेलेली असतात. कव्हरवाल्याकडून तिथे चीर पाडून घ्या, पाच मिनिटांचं काम. आणि बेल्ट न लावता "टिंग टिंग" बंद करणारी ती क्लिप! मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना ती विकू नका असा आदेश दिला आणि तेरा हजारांहून जास्त जाहिराती काढल्या गेल्या. तेरा हजार! म्हणजे घेणारे किती असतील.

मोठ्यांनी स्वतःची सीटही बघावी. एका गाडीचे घरात दोन चालक असतात आणि सव्वापाच फुटांची बाई पावणेसहा फुटी नवऱ्याने लावलेल्या सीटवर तशीच बसून निघते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा. पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकायला हवं. छाती आणि स्टिअरिंग यांत निदान वीतभर, म्हणजे २५ सेंटिमीटरच्या आसपास अंतर हवं. हेडरेस्टचा वरचा भाग डोक्याच्या उंचीला आणायचा. मानेला टेकणारं हेडरेस्ट मागून धडक बसल्यावर मान वाचवत नाही. आणि शेजारच्या सीटवर पाठ पार मागे टाकून झोपणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की आडव्या झालेल्या शरीरावरून बेल्ट उचलला जातो आणि माणूस त्याखालून पुढे सरकतो. झोप येत असेल तर या, पण सीट सरळ ठेवून.

कायद्याबद्दल थोडक्यात. २०१९ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा बालआसनाशिवाय असेल तर हजार रुपये दंड आहे. पण दंडाच्या भीतीने लावलेला बेल्ट पोलीस दिसेपर्यंतच टिकतो. आणि "बाबांना बेल्ट लावायला सांग" असं आपण मुलांना शिकवतो ना, तेही मला पटत नाही. आठ वर्षांच्या मुलाने बापाला टोकायचं आणि ओरडा खायचा? ते सांगणं आपलं काम आहे, थेट पालकांना.

म्हणून माझी सूचना अशी आहे. जूनच्या पहिल्या पालकसभेत एक गाडी शाळेच्या आवारात उभी करा. तीन-चार मुलांना मागे बसवा, पालकांनाच बेल्ट लावायला सांगा आणि पट्टा कुठे येतो ते सगळ्यांना बघू द्या. अर्धा तास पुरतो. रिक्षाने येणाऱ्या मुलांना याचा उपयोग नाही, हे खरंय. रिक्षात बेल्टच नसतो, तिथे निदान किती मुलं कोंबली जातात एवढं तरी विचारू. पण व्हॅनने येणारी मुलं आपल्याकडे भरपूर आहेत. त्याच दिवशी व्हॅनवाल्या काकांनाही बोलवा, दार उघडायला सांगा आणि दोनच आकडे फळ्यावर लिहा: व्हॅनमध्ये बेल्ट किती, आणि रोज मुलं किती बसतात.