देवाला काळजी!

आपल्या मराठी घरांत एक वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतेच. मुलीचे लग्न जमत नाही, घराच्या कर्जाचा हप्ता तोंडावर आला आहे, चिरंजीवांचा निकाल उद्या लागायचा आहे; चर्चा करकरून सगळे थकले, की कोणीतरी वडीलधारे माणूस सुस्कारा टाकून म्हणते, "जाऊ द्या, देवाला काळजी!" मोठे मौजेचे वाक्य आहे हे. कारण ते म्हणणारा गृहस्थच दहा मिनिटांनी पुन्हा तीच चर्चा उकरून काढतो. काळजी देवाकडे रवाना केली खरी, पण पोच येण्यापूर्वीच परत मागवली!

भगवद्गीतेतला योगक्षेमाचा शब्द आपल्या विमा महामंडळाने बोधवाक्यात घेतला आहे, तेव्हा देवावर भार टाकण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. पण ख्रिस्ती धर्मात ती नुसती कल्पना नाही, ती जवळजवळ आज्ञाच आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू आपल्या श्रोत्यांना रानातली फुले आणि आकाशातली पाखरे दाखवतो आणि उद्याची विवंचना सोडा म्हणतो. (पाखरे चारा मिळवण्यासाठी दिवसभर वणवण करतात, घरट्यात चोच उघडून बसत नाहीत, हे त्या श्रोत्यांना सांगावे लागले नसेल, ती खेड्यापाड्यांतली माणसे होती.) पेत्राच्या पहिल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायातही सारी चिंता देवावर टाकण्याचा उपदेश आहे. गंमत अशी, की लगेच पुढच्याच वचनात तोच पेत्र बजावतो, सावध राहा, जागे राहा. चिंता टाकून झोपा काढा, असे त्याने म्हटलेले नाही.

हे सगळे मला आठवायला कारण झाले एक विद्यार्थिनी. वर्गात लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' चालली होती. चार भागांत निघालेले हे पुस्तक शिकवायचे म्हणजे शिक्षकाला सुटीच. पुस्तक आपले आपण शिकवते. रेव्हरंड टिळकांच्या ईश्वरनिष्ठेबद्दल मी बरेच रंगात येऊन बोललो. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, टिळकांनी काळजी देवावर टाकली. मग लक्ष्मीबाईंनी कोणावर टाकायची?"

वर्ग हसला. मी मात्र त्या दिवशी पुढे फारसे शिकवू शकलो नाही.

प्रश्न खोटा नव्हता. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तो घरात न सांगता. त्यानंतरची काही वर्षे लक्ष्मीबाईंनी लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आधाराने काढली. १९०० मध्ये त्या स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या, पण संसाराची रीत बदलली नाही. हातात आलेला पैसा दुसऱ्याची गरज दिसताच देऊन टाकायचा, आणि दारी आलेल्या निराधाराला घरात ठेवून घ्यायचे, हा टिळकांचा स्वभाव. पुढे १९१७ मध्ये तर त्यांनी मिशनचे वेतनही सोडले आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभा करण्याच्या मागे लागले. पंचावन्न वर्षांचा माणूस पगार सोडतो, उद्या काय खायचे याचा विचार करत नाही, याला दांभिकपणा कोण म्हणेल? त्यांची श्रद्धा शंभर नंबरी होती. पण जी काळजी त्यांच्या डोक्यावरून उतरली, ती सगळीच्या सगळी आभाळात गेली नाही. तिच्यातला मीठ-पिठाचा भाग बायकोच्या डोक्यावर येऊन बसला.

माझे मत विचाराल, तर त्या घरात देवावर अधिक भरवसा लक्ष्मीबाईंचा होता. टिळकांचा भरवसा डोळे मिटून होता, बाईंचा डबा रिकामा दिसत असताना होता. आणि तो त्यांनी कुठे प्रवचन करून सांगितलेला नाही. हे हाल त्यांनी चक्क हसत हसत लिहिले आहेत. ज्याला आपण एकटे नाही हे आतून ठाऊक असते, त्यालाच असे हसता येते. टिळक १९१९ मध्ये गेले, त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. तेही पुढे पूर्ण करायला बसल्या त्या लक्ष्मीबाईच. ज्यांना अक्षरओळख लग्नानंतर नवऱ्याने करून दिली होती!

त्या मुलीच्या प्रश्नाचे खरे उत्तर मला केडगावला सापडते. पंडिता रमाबाईंनी हा प्रश्न दोन्ही बाजूंनी भोगला होता. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे प्रकांड पंडित. दुष्काळ पडला, तेव्हा गाठीचा पैसा दानधर्म, अनुष्ठाने आणि उपासतापासांत गेला. देव काही तरी करील म्हणून कुटुंब वाट पाहत राहिले. दुसरे काम करण्याची सवय नव्हती, आणि हलके काम पत्करायला विद्वत्तेचा अभिमान आड येत होता. हे रमाबाईंनी स्वतःच आपल्या साक्षीत लिहून ठेवले आहे. आईवडील त्या दुष्काळातच गेले. हा दोष एका धर्माच्या माथी मारू नये. हात बांधून वाट पाहणारे भक्त देवळात असतात तसेच देवळाबाहेरही, आणि चर्चमध्येही असतात.

अशा अनुभवानंतर मनुष्य देवाचे नाव टाकून देईल. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे पुन्हा देवावरच भार टाकला! मात्र या वेळी रीत निराळी होती. त्यांच्या वाचनात ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरचे चरित्र आले होते. या गृहस्थाने १८३६ मध्ये अनाथ मुलांसाठी घर उघडले, ते वाढत वाढत दोन हजार मुलांची सोय होईल इतके झाले, आणि पैशासाठी कोणापुढे हात पसरायचा नाही, फक्त देवाजवळ मागायचे, हा नेम शेवटपर्यंत पाळला. ही गोष्ट चर्चमधून पुष्कळ सांगतात. म्यूलर आलेल्या पैन् पैची नोंद ठेवून दरवर्षी हिशेब छापत असे, हे मात्र तितक्या उत्साहाने सांगत नाहीत. मला तर तो हिशेब प्रार्थनेइतकाच भाविक वाटतो.

रमाबाईंच्या संस्थेला अमेरिकेतून जी मदत मिळे, तिचे वचन दहा वर्षांचे होते. ती मुदत १८९८ मध्ये संपत आली, आणि नेमक्या त्याच सुमारास १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या सुमारे तीनशे मुली त्यांच्या पदरात होत्या. कोणताही शहाणा व्यवस्थापक म्हणाला असता, बाई, आता दार लावा. त्यांनी दार लावले नाही. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो मुली आल्या. पण केडगावात नुसती प्रार्थना चालली होती असे समजू नका. विहिरी खणल्या जात होत्या, शेती होती, गाईगुरे होती, हातमाग होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. प्रत्येक मुलीच्या हाताला काम. वडिलांच्या घरी जे शिकवायचे राहून गेले, ते रमाबाईंनी पहिले शिकवले.

आमच्या कॉलेजात ख्रिस्ती घराण्यातल्या एक प्राध्यापिका आहेत. गेल्या वर्षी त्यांचे यजमान महिनाभर रुग्णालयात होते. बाई सकाळी तास घेत, दुपारी बिलांची भेंडोळी घेऊन विमा कंपनीशी भांडत, रात्री रुग्णालयात बसत. एकदा मी विचारले, "बाई, तुम्हांला झोप तरी लागते का हो?" त्या म्हणाल्या, "लागते की, सर. डॉक्टरांचं काम डॉक्टरांकडे, माझं माझ्याकडे. रोज रात्री उद्याची कामं कागदावर लिहिते. कागदावर जे मावत नाही ते देवाचं. मग दिवा मालवते." मी अनेक ग्रंथ वाचले आहेत, पण ही वाटणी इतक्या सोप्या मराठीत मला कोणी सांगितली नव्हती.

कागदावर न मावणारे असे रमाबाईंच्याही वाट्याला आलेच. ज्या एकुलत्या मनोरमेच्या हाती सारे काम सोपवायचे, ती १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. विहीर खणून किंवा माग घालून भरून निघेल अशी ही पोकळी नव्हती. त्या वेळी रमाबाईंनी देवाजवळ काय मागितले असेल ते त्यांचे त्यांना ठाऊक. बाहेर दिसत होते ते एवढेच, की त्या बायबलच्या मराठी भाषांतराची मुद्रिते तपासत होत्या, आणि केडगावच्या छापखान्यात त्यांच्याच मुली खिळे जुळवत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. १९२४ मध्ये ते बायबल छापून बाहेर पडले.